मदत हवी आहे: कीटकाची नवी जात सापडली आहे, नाव कुठे नोंदवायचं?

खोडशोध
खोडावर बार्कलाइस (झाडाच्या सालीवर राहणारे बारीक कीटक) सापडलेत, पंखांवर तपकिरी पट्टे आहेत. नेटवरचे फोटो पालथे घातले, एकही जुळत नाही. म्हणजे नवी जात हे जवळपास नक्की. नोंदणी कुठे, किती दिवस लागतात? पावसाळा सरला की हे दिसेनासे होतील, लवकर सांगा.

काटोलचा संत्रेवाला
भाऊ, खोडाले बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पानी. आमी संत्र्याले पावसाच्या आधी अन् नंतर लावतो.

खोडशोध
मारायचे नाहीत हो, नाव द्यायचं आहे!

भिंगवाली
झाड कोणतं? कुठलं? नर मिळाला का? कशात ठेवलेत?

खोडशोध
अंगणातला आंबा, काटोल रोड. डबीत कापूस घालून ठेवलेत. नोंदणीचं सांगा ना.

भिंगवाली
कोरडे ठेवले तर सुरकुततात. आधी जिवंत असताना फोटो काढा, अल्कोहोलमध्ये रंग उडतो. मग ८० टक्के इथेनॉल. पट्ट्यांवर जाऊ नका, एकाच जातीत नर-मादीचे पट्टे वेगळे असू शकतात. जात ठरते ती मुख्यतः जननांगांवरून; त्यासाठी पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. पंखांच्या शिरांवरून फार तर कुळ कळेल. बार्कलाइसच्या सोसिडी कुळात मागच्या कडेची कमानदार शीर मधल्या शिरेला चिकटलेली असते.

जीन_नागपूर
एवढी चिरफाड कशाला? एक पाय काढा, सीओआय जनुक (जात ओळखायला वापरतात ते) वाचून घ्या. आणि ८० नाही, ९५ टक्के अल्कोहोल.

भिंगवाली
९५ मध्ये शरीर ठिसूळ होतं, मग चिरफाड नीट होत नाही. आणि आपल्याकडच्या किती जातींचे जनुकक्रम डेटाबेसमध्ये आहेत? जुळलं नाही म्हणजे नवी जात, असं होत नाही. जगात साडेपाच हजारांहून जास्त जाती वर्णिलेल्या आहेत, त्यांच्याशी ताडून पाहायला हवं. या कीटकांची २००२ ची जागतिक सूची आणि सोसोडिया स्पीशीज फाइल ही ऑनलाइन यादी, दोन्ही बघा.

जीन_नागपूर
मग काही नमुने ८० मध्ये, काही ९५ मध्ये ठेवा. पण पाय काढाच. नर-मादी एकाच जातीचे हे दुसरं कसं सिद्ध करणार?

कपाटातली पुस्तकं
माझ्या जुन्या पुस्तकांत पांढरे बारीक किडे फिरतात, तेही हेच का?

भिंगवाली
ते बुकलाइस, यांचेच नातेवाईक. ओल कमी करा, टिकत नाहीत.

रानवाट
नोंदणीचं मी सांगतो. कुठल्या कार्यालयात फॉर्म भरून नाव मिळत नाही. वर्णन शोधपत्रिकेत छापावं लागतं, एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधारनमुना, ठरवावा लागतो आणि पत्रिका फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद लागते. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमलेल्या संग्रहसंस्थेला देऊन नमुने तिथे जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण अशीच संस्था आहे. अंगणातलं ठीक, पण गोरेवाडा किंवा पेंचमधून आणायचे असतील तर आधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या.

काटोलचा संत्रेवाला
पन हे झाड खातेत का नाई, थे सांगा न कोनी.

भिंगवाली
नाही खात, भाऊ. सालीवरचं शेवाळ, बुरशी, दगडफूल यांच्यावर जगतात.

खोडशोध
भिंगातून पाहिलं, कमान चिकटलेली आहे. आता नर कसा ओळखू? पटकन.

भिंगवाली
नराचे डोळे बहुधा मोठे, फुगीर असतात. एकही सापडला नाही तरी शोधत राहा, पण काही जातींत माद्याच माद्या असतात हे ध्यानात ठेवा. पिल्लंही वेगळ्या बाटलीत ठेवा, आणि प्रत्येक बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका: ठिकाण, तारीख, झाड.