काढलेल्या टॉन्सिलमध्ये विषाणू सापडतात, तर शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावरून घ्यावा का?

निशिगंध:
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. तो रात्री तोंड उघडे ठेवून झोपतो आणि मोठ्याने घोरतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी त्याचे ॲडिनॉइड (नाकाच्या मागील बाजूची गाठ) वाढल्याचे आणि दोन्ही टॉन्सिल (घशातील गाठी) मोठे असल्याचे सांगितले आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय अद्याप व्हायचा आहे. दरम्यान माझ्या वाचनात असे आले की, अशा मुलांच्या काढलेल्या गाठींमध्ये सर्दी-ताप नसतानाही श्वसनमार्गाचे विषाणू सापडतात. हा न संपणारा संसर्गच गाठी वाढवतो का, आणि तसे असेल तर त्यावर औषध का दिले जात नाही? घरात धाकटी मुलगी दीड वर्षाची आहे, म्हणून काळजी अधिक वाटते.

सूक्ष्मदर्शी (विषाणुशास्त्राचे अध्यापक):
आपण वाचलेले खरे आहे, आणि ते फार नवेही नाही. १९५३ साली अमेरिकेत वॉलेस रो, रॉबर्ट ह्यूबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या काढलेल्या ॲडिनॉइडचे तुकडे प्रयोगशाळेत वाढवत ठेवले असता त्यांतील पेशी कालांतराने आपोआप नष्ट होऊ लागल्या, आणि त्यामागे जो अनोळखी विषाणू निघाला तो पुढे ॲडिनोव्हायरस म्हणून ओळखला गेला. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाच्या रिबेराव प्रेतो येथील संशोधकांनी २०१२ साली १२१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांना तीव्र संसर्गाची लक्षणे नव्हती, तरीही पीसीआर या जनुकीय तपासणीत बहुतेक सर्वांमध्ये किमान एक विषाणू आढळला. ॲडिनोव्हायरस जवळपास निम्म्या मुलांत होता. त्याखालोखाल एन्टेरोव्हायरस, ऱ्हायनोव्हायरस आणि बोकाव्हायरस होते.

मात्र विषाणू सापडणे आणि त्याने आजार घडवणे या भिन्न गोष्टी आहेत. पीसीआर विषाणूचा जनुकीय अंश दाखवते. तो विषाणू सक्रिय आहे, सुप्त आहे की केवळ अवशेष उरला आहे, हे त्यावरून कळत नाही. सी गटाचे ॲडिनोव्हायरस टॉन्सिलमधील टी-पेशींत (एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींत) दीर्घकाळ सुप्त राहतात, तर एपस्टीन-बार विषाणू बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींत जन्मभर राहतो. नाकातोंडातून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची जकात नाक्यावर व्हावी तशी तपासणी या गाठींत होते, त्यामुळे तेथे विषाणू आढळणे मुळीच आश्चर्याचे नाही. दोन ते सात या वयात तर गाठी तशाही वाढतात. विषाणूमुळेच त्या अतिरिक्त वाढतात हे सिद्ध करणे फार कठीण आहे, कारण तुलनेसाठी निरोगी मुलांचे टॉन्सिल लागतील आणि निरोगी मुलाचे टॉन्सिल कोणी काढत नाही!

डॉ. कंठमणी (कान-नाक-घसा तज्ज्ञ):
वरील विवेचनाशी मी सहमत आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही गाठींतील विषाणू शोधत नाही, कारण त्या अहवालाने निर्णय बदलत नाही. निर्णय ठरतो तो मुलाचा श्वास आणि झोप यांवरून, किंवा घशाच्या वारंवार होणाऱ्या संसर्गावरून. त्यासाठी वर्षात सात वेळा, सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा, असा प्रचलित निकष आहे.

निद्राश्वासरोधाविषयी (झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकाराविषयी) अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सात महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांची झोपतपासणी सामान्य आली. केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांतही हे प्रमाण ४६ टक्के होते. म्हणून सौम्य त्रासात काही काळ थांबणे आणि नाकातील स्टेरॉइड फवारा वापरून पाहणे योग्य ठरते. अर्थात रक्तातील प्राणवायू बराच वेळ घटणारी मुले त्या चाचणीत नव्हती, त्यामुळे हे आकडे त्यांना लावू नयेत.

सुप्त विषाणूला घालवणारे औषध उपलब्ध नाही. ॲडिनोव्हायरससाठी सिडोफोव्हिर वापरतात, परंतु ते मूत्रपिंडाला घातक ठरू शकते, म्हणून ते प्रतिकारशक्ती ढासळलेल्या गंभीर रुग्णांपुरतेच राखून ठेवतात. अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम होत नाही, आणि टॉन्सिल काढले म्हणून शरीर विषाणुमुक्त होते असेही नाही.

मोगरा:
आमच्या मुलीच्या वेळी झोपेतील श्वासाचे चित्रीकरण डॉक्टरांना दाखवले होते. दवाखान्यात मूल जागे असते, त्यामुळे त्याचा फार उपयोग झाला.

निशिगंध:
सर्वांचे आभार. धाकटीला वेगळे झोपवावे का?

सूक्ष्मदर्शी:
आवश्यकता नाही. हे विषाणू बहुतेक मुलांना बालपणीच गाठतात, आणि आपल्या मुलाकडून नाही तरी पाळणाघरातून ते येतीलच. हात धुणे, पेले-चमचे वेगळे ठेवणे एवढे पुरे; ॲडिनोव्हायरस शौचावाटेही दीर्घकाळ बाहेर पडू शकतो, म्हणून शौचानंतर मुलाचे हात साबणाने धुतले जातात याकडे लक्ष द्यावे.

डॉ. कंठमणी:
मोगरा यांची सूचना उत्तम आहे. चित्रीकरणात छाती हलते आहे पण श्वास आत जात नाही असे दिसले, किंवा मूल गुदमरून दचकत असेल, तर पुढील भेटीच्या तारखेची वाट पाहू नये.