गाडी द्वारकाला गरम झाली, कुणाला यातलं कळतं का? (नाशिकमधल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी ३०४ : नमस्कार. गाड्यांमधलं कळणाऱ्या कुणीतरी सांगा प्लीज. दुपारी भावाला नाशिकरोड स्टेशनला सोडून परत येत होते. द्वारका चौकात नेहमीसारखा जाम, एसी चालू. दहा मिनिटांत टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेऊन बंद केली, पाऊण तास थांबले. मग मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, रेडिएटर (इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी) चोक झालाय, ते पाणी फिरवणारा वॉटर पंपही बदला, १८ हजार होतील. शनिवारी आईला वणीला न्यायचंय. करून टाकू का?

ए १०२ : ताई, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरा आणि दोन बाटल्या सोबत ठेवा. आमची जुनी गाडी दोन वर्षं तशीच चालवली.

सी १०१ : थांबा. गाडी गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला कुणीही हात लावू नका. ते झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, १०० डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. एसटीच्या वर्कशॉपला असताना हात भाजलेली पोरं मी पाहिली आहेत. आणि बोअरचं पाणी नकोच. ते जड असतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार धरतात.

सी १०१ : आता तू मला एवढंच सांग, हायवेला गाडी गरम होते का?

बी ३०४ : नाही काका. गेल्या रविवारीच ठाण्याहून आलो. चौघं जण, सामान, एसी. कसारा घाट चढतानाही काटा अर्ध्यावरच होता. हां, घोटीच्या टोलला रांग होती तिथे थोडा वर गेला होता. गाडी निघाल्यावर खाली आला, म्हणून लक्ष दिलं नाही.

सी १०१ : मग १८ हजार कुणाला देऊ नकोस. रेडिएटर चोक असता किंवा पंप पाणी फिरवत नसता, तर घाटात आधी गरम झाली असती. इंजिनावर खरा लोड तिथे येतो. तुझी गाडी उभी राहिली की तापते, पळाली की थंड होते. पळताना समोरून वारा लागतो, उभी असताना तो वारा रेडिएटरच्या पंख्याने द्यायचा असतो. पंखा बघा.

ए ५०२ : काका बरोबर बोलताहेत. ताई, सिग्नलला एसीची हवा कोमट यायची का? एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच असतो, त्यालाही तोच पंखा हवा देतो.

बी ३०४ : हो!! महिनाभर तेच चाललंय. मला वाटलं गॅस संपला.

 

ए ५०२ : ताई, मी घरीच आहे. गाडी थंड झाली की पार्किंगमध्ये येतो.

सी १०१ : मीही येतो. बॉनेटमध्ये वाकताना ओढणी बाजूला ठेव गं. कित्येक गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो.

ए ५०२ : अपडेट देतो, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. आधी ऑइलचं झाकण काढून पाहिलं. आत दुधासारखा पांढरा थर नाही, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं दिसत नाही. बॉनेटमधल्या कूलंटच्या बाटलीत ते कमी होतं, तेवढं भरलं. मग गाडी चालू करून एसी लावला. एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा फिरायला हवा. हा जागचा हलला नाही. फ्यूज चांगला. रिले (पंख्याला करंट सोडणारा स्विच) काढून त्याच नंबरचा दुसरा लावला, तरी नाही. पण रिलेचा ‘टक’ आवाज येतोय, म्हणजे गाडी पंख्याला हुकूम देतेय.

सी १०१ : इंजिन बंद करून पंख्याचा प्लग काढला. एक टोक जळून काळं, प्लॅस्टिक वितळलेलं. बॅटरीवरून डायरेक्ट वायर दिली तर पंखा फिरला.

ए १०२ : मग प्लग बदला, झालं की काका. शंभर-दीडशेचं काम.

सी १०१ : नाही, इथेच लोक फसतात. फिरला, पण जड फिरला. बॅटरी काढून पातं हाताने फिरवलं तर अडकत होतं. मोटरचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, गेलेत. मोटर अडकायला लागली की करंट जास्त ओढते आणि त्या करंटने प्लग जळतो. नवा प्लग लावून जुनी मोटर ठेवली तर तोही जळणार, आणि तो नेमका वणीच्या घाटात जळेल. मोटर आणि प्लग दोन्ही बदल. आमच्या एसटीला पंखा पट्ट्यावर फिरायचा, इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. तुमच्या गाड्यांत इंजिन आडवं बसवतात, म्हणून पंख्याला वेगळी मोटर आली.

सी ४०३ : काका, परत जाममध्ये असं झालं तर लगेच काय करायचं?

सी १०१ : एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. हीटर म्हणजे गाडीतला छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता आत खेचतो. मे महिन्यात जीव नकोसा होईल पण काटा थोडा थांबतो, बाजूला घ्यायला वेळ मिळतो. काटा लाल झाला की मात्र एक किलोमीटरही पुढे नको, ‘घर जवळच आहे’ म्हणूनसुद्धा नको. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलं तर खर्च कुठल्या कुठे जातो. गरम इंजिनावर गार पाणीही ओतायचं नाही.

बी ३०४ : काका, दादा, आज ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोटर आणि प्लग बदलून घेतला. रेडिएटरला त्यांनीही काही झालं नाही म्हणून सांगितलं. आत्ता पार्किंगमध्ये वीस मिनिटं गाडी उभी ठेवून चालू ठेवली. पंखा सुरू झाला, बंद झाला, परत सुरू झाला. काटा अर्ध्याच्या खालीच. एसी पण गार येतोय. कूलंट किती आणि कसलं ठेवू?

सी १०१ : गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच जातीचं, तयार मिळतं ते. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. वेगवेगळ्या रंगांचं मिसळू नकोस. शनिवारी सकाळी इंजिन थंड असताना बाटलीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का बघ, मग आईला घेऊन निघ.