मदत हवी आहे : विहिरीतील नेत्रहीन जीव आणि सांडपाणी
नमस्कार. ओढ्यालगतच्या आमच्या विहिरीच्या तळाशी बारीक जाळी फिरवली असता गाळासोबत डोळे नसलेले, पारदर्शक, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे कवचधारी जीव मिळाले. भूजलातील असे जीव सावकाश वाढतात व मोजकीच अंडी घालतात. त्यामुळे सांडपाणी झिरपून पाण्यातील प्राणवायू घटला किंवा बारीक गाळाने मुरमातील फटी बुजल्या, की त्यांची संख्या लवकर भरून येत नाही, उलट पृष्ठभागावरच्या काटक जाती तेथे शिरकाव करतात. ओढ्यात हल्ली वरच्या अंगाने सांडपाणी येते, याची मला फार काळजी वाटते. उन्हाळ्यात पाणीपातळीही खालावत असल्याने, या जीवांची संख्या घटलीच तर ती प्रदूषणामुळेच घटली हे ठरवण्यासाठी नायट्रेट व विरघळलेला प्राणवायू यांखेरीज काय मोजावे? अल्कोहोलमध्ये जपलेले नमुने ओळखून देणारे कोणी अभ्यासक आहेत का?