अष्टपैलू, हरहुन्नरी की निष्णात?

जळगावहून
आमचं सहा जणांचं सॉफ्टवेअरचं दुकान. केळीवाल्यांची बिलं, जिनिंगचे हिशेब, असली कामं. भरतीची जाहिरात मराठीत काढली. 'जनरलिस्ट'साठी 'अष्टपैलू' लिहिलं, तर पहिल्याच फोनवर विचारणा : "टीम कोणती?" 'स्पेशालिस्ट'ला 'तज्ज्ञ' म्हणावं, तर दोन वर्षं काम केलेल्या पोराला ते पागोटं मोठं होतं. काय लिहू?

धुळ्याहून
'हरहुन्नरी' लिहा भो! 'हर' फारसी, 'हुनर'ही फारसी. हुन्नर म्हणजे अंगातली कला. अष्टपैलूत कौतुक जास्त, हरहुन्नरीत काम. 'बहुश्रुत' मात्र नको, त्यानं नुसतं ऐकलेलं असतं. आणि 'तज्ञ' छापू नका. तत् + ज्ञ, म्हणून तज्ज्ञ.

भुसावळहून
हरहुन्नरीत खोली कुठाय? गेल्या कापसाच्या हंगामात आमच्याकडे एका शेतकऱ्याचं खातं उघडायला मिनिट लागायचं. आमच्या हरहुन्नरी पोरानं सर्व्हर वाढवला, स्क्रीन नव्यानं लिहिली. फरक किरकोळ. मग डेटाबेसवाल्या बाईंना दाखवलं. इंडेक्स (नोंदी झटकन शोधायची सूची) आधी तारीख, मग शेतकरी असा लावलेला. शोध नुसत्या शेतकऱ्यावर. आडनावांच्या क्रमानं लावलेल्या यादीत पहिल्या नावानं माणूस हुडकावा, तशी गत. बाईंनी शेतकऱ्यावर वेगळा इंडेक्स लावला, खातं लगेच उघडायला लागलं.

याला शब्द 'निष्णात'. 'स्ना' म्हणजे न्हाणं. पाणिनीचं सूत्रच आहे (८.३.८९) : 'निनदीभ्यां स्नातेः कौशले'. अर्थ कौशल्याचा असेल, तर 'नि' आणि 'नदी' यांच्यापुढे 'स्ना'च्या स चा ष होतो. त्यातून दोन शब्द, निष्णात आणि नदीष्ण. नदीष्ण म्हणजे नदीची माहिती असलेला, उतार कुठे नि डोह कुठे हे जाणणारा. तापीकाठी राहून हा शब्द आपण विसरलो, याचं मला वाईट वाटतं.

(खरं सांगायचं तर पावतीवर जोडाक्षरं फुटायला लागली तेव्हा बाईंनी हात वर केले. पावती चित्र म्हणून छापायची युक्ती त्याच पोराची.)

धुळ्याहून
म्हणजे तुमचं पोरगं नदीष्ण, बाई निष्णात. डोह दिसल्यावर त्यानं हाक उशिरा मारली, एवढंच.

जळगावहून
'नदीष्ण' छापलं तर नावाड्यांचे फोन येतील. नवी जाहिरात अशी : 'हरहुन्नरी पाहिजे. इंडेक्स कशाशी खातात हे माहीत असल्यास प्राधान्य.'