हॅलिबर्टनचे ०.३ सेकंद आणि माझे १५० डॉलर: पैसे लावून बास्केटबॉल बघण्यात खरंच मजा आहे का?

रात्रपाळी (धागाकर्ता):
खूप दिवस मनात होतं, आज लिहून टाकतो. शिव्या घाला पण पूर्ण वाचून घाला.

५ जून २०२५, एनबीए फायनल्सची पहिली मॅच, ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध इंडियाना पेसर्स. थंडर सीझनमध्ये ६८ मॅच जिंकून आलेले, पेसर्स ५०. मी १५० डॉलरचं तीन लेगचं पार्ले लावलं, म्हणजे तिन्ही गोष्टी खऱ्या झाल्या तरच पैसे, एक चुकली की सगळं पाण्यात. थंडर जिंकणार, थंडरचा शे गिल्जस-अलेक्झांडर ३० पॉइंटच्या वर मारणार, आणि पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन साडेसतराच्या खाली राहणार (अर्धा पॉइंट कोणी मारत नाही, ओव्हर की अंडर हे स्पष्ट व्हावं म्हणून तो असतो).

चौथ्या क्वार्टरला थंडर १५ ने पुढे. ॲपवर कॅश आऊटचं बटण चमकतंय, म्हणजे मॅच संपायच्या आधीच ३७० घे आणि झोप. मी हसलो चक्क. ज्या टीमने पहिल्या हाफमध्येच १९ टर्नओव्हर केलेत (१९ वेळा बॉल घालवलाय) तिला कशाला घाबरायचं. आणि मग पेसर्सचे टॉपिन काय, टर्नर काय, नेमहार्ड काय, बघता बघता फरक एकावर आला, शेचा शॉट चुकला, नेस्मिथने रिबाउंड घेतला, कोच कार्लाइलने टाइमआउट घेतलाच नाही आणि हॅलिबर्टन बॉल घेऊन निघाला, थांबला, उडी मारली, आत. ०.३ सेकंद शिल्लक, १११-११०. अख्ख्या मॅचमध्ये पेसर्स पहिल्यांदा पुढे गेले ते तेव्हा.

गंमत बघा, शेचे ३८ झाले, तो लेग पास. हॅलिबर्टनचे एकूण १४, तोही पास. म्हणजे ज्याने मला एक लेग जिंकून दिला त्यानेच एका शॉटमध्ये दुसरा मारला.

पण धागा त्यासाठी नाहीये. २२ जूनला सातवी मॅच. पोटरी दुखावलेली असताना हॅलिबर्टन खेळत होता, तीन थ्री मारून ९ पॉइंट झालेले, आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये अकिलीस (टाचेच्या वरची शीर) फाटली. जमिनीवर हात आपटत होता तो. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला, तर सीझनच्या आधी थंडर चॅम्पियनवर मी ५० डॉलर लावलेले होते ते आता सेफ झाले. त्या विचाराची लाज वाटायला मला दोन-तीन मिनिटं लागली, आणि ती दोन-तीन मिनिटंच मला खटकतायत. २५ वर्षांचा पोरगा, ज्याचा प्रत्येक पास बघायला मी आधी जागायचो. माझं म्हणणं एवढंच की पैसे लावले की खेळाडू दिसायचा बंद होतो, आणि नव्याने वर येणाऱ्या पोरांच्या बाबतीत हे जास्त वाईट, कारण तो पुढे काय करेल हे माहीत नसणं हीच तर त्यांना बघण्यातली मजा.

खडूस:
पार्ले लागलं असतं तर हा धागा निघाला असता का? खरं सांग. पैसे गेले की सगळ्यांना वैराग्य येतं.
अवांतर: बेट बेट लिहीत नाहीस हे बरंय, मला दरवेळी समुद्रातलं बेट आठवतं. सरळ जुगार म्हणायचं.

डंकमारुती:
पूर्ण असहमत. मला थंडर माहीत झाले तेच पैसे लावल्यामुळे. नाहीतर मी लेब्रॉन आणि करीच्या पुढे गेलोच नसतो. पैज लावायची म्हणून वाचायला लागलो तेव्हा कळलं की शे २०१८ च्या ड्राफ्टला (टीम्स नवे खेळाडू ओळीने निवडतात तो) ११ वा पिक होता, २०१९ ला पॉल जॉर्जच्या ट्रेडमध्ये, म्हणजे अदलाबदलीत, थंडरकडे आला, आणि त्याच ट्रेडमध्ये मिळालेल्या एका पिकवर २०२२ ला जेलन विल्यम्स आला, ज्याने फायनलच्या पाचव्या मॅचला ४० ठोकले. हे सगळं मी १० डॉलरसाठी वाचलंय, हौस म्हणून कोणी वाचत नाही. तुझं दुखणं पैजेचं नाही, १५० चं आहे. पाच लाव, शांत झोप. आणि तो पडल्यावर वाईट विचार आला म्हणतोस, अरे थंडरच्या फॅन्सच्या मनात नसेल का आला? त्यांनी तर एक डॉलर नव्हता लावला.

बाकावरची:
मारुतीभाऊ, शेवटचं वाक्य पटलं, बाकी नाही. हॅलिबर्टन स्वतः २०२४ मध्ये म्हणालाय की अर्ध्या जगासाठी मी फक्त त्यांना पैसे मिळवून देणारा आहे, मी एक प्रॉप आहे. प्रॉप म्हणजे हेच, धागाकर्त्याने लावलं ते, अमुक खेळाडू इतक्याच्या वर की खाली. आणि २०२५ च्या प्लेऑफ्सच्या सुमारास खेळाडूंच्याच निनावी मतदानात हा सगळ्यात ओव्हररेटेड निघाला होता, त्यानंतर एकामागून एक सिरीजमध्ये शेवटच्या सेकंदांत मॅच काढल्या त्याने. मी ते सगळं एक पैसा न लावता बघितलं. निक्सविरुद्ध पहिल्या मॅचचा तो शॉट रिमवर आपटून उंच उडाला आणि सरळ आत पडला तेव्हा मी उशी फेकली होती. तुम्हाला त्या क्षणी ॲप उघडून बघायचं असतं की आपलं काय झालं.

डंकमारुती:
ताई, मी पण उशी फेकली. वर ३० डॉलर मिळाले.

त्रैराशिक:
भावना बाजूला ठेवा, जरा हिशोब करू. अमेरिकन पद्धतीत साधारण भाव असतो उणे ११०, म्हणजे १०० कमवायला ११० लावायचे. नुसतं बरोबरीत सुटायचं तरी १०० पैकी ५२.४ वेळा बरोबर यायला लागतं. नाणं उडवून ५० येतात. आता असे चार लेग एकत्र करा. खरी शक्यता १६ त एक, पैसे मिळणार लावलेल्याच्या १३.३ पट. १६ पट मिळायला हवे होते. म्हणजे १०० लावले की सरासरी १७ तिथेच गेले, मॅच सुरू व्हायच्या आधी. म्हणून ॲप उघडलं की पहिल्यांदा पार्लेच समोर येतं, तुमच्या प्रेमापोटी नाही. आणि धागाकर्त्याच्या पार्लेत तर लेग एकमेकांत गुंतलेले, शेने ३० मारले की थंडर जिंकायची शक्यता वाढतेच, ते ॲपलाही कळतं, त्यामुळे भाव आधीच कापलेला असतो.

खडूस:
अभ्यास करून लावणारे कुठे गेले? त्यांना सॅन अँटोनियोचा वेम्बन्यामा दाखवा. २०२४-२५ ला डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर (बचावाचं अवॉर्ड) हाच होणार, वाद नाही, ब्लॉक्समध्ये पहिला, सगळे म्हणत होते की पैसे छापायचं मशीन आहे. फेब्रुवारीत उजव्या खांद्यात रक्ताची गाठ निघाली, ४६ मॅचवर सीझन खलास, आणि अवॉर्डला नियम किमान ६५ मॅचचा. अवॉर्ड गेलं एव्हन मोब्लीकडे. रक्ताच्या गाठीचा कुठला अभ्यास करणार होता तुम्ही?

डंकमारुती:
उलट हे माझ्याच बाजूने आहे. डॅलसला २०२५ च्या लॉटरीत (ड्राफ्टला आधी कोण निवडणार हे त्यात ठरतं) पहिल्या पिकची शक्यता होती १.८ टक्के, तरी तो लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला, तेही आपला स्टार डॉन्चिचला लेकर्सकडे घालवून सगळ्या गावाच्या शिव्या खाल्ल्यावर. खेळातच जुगार आहे लेको, टीम्स स्वतः करतायत. मी पाच डॉलर लावले तर कोणाचं काय गेलं?

बाकावरची:
कोणाचं गेलं सांगते. जाँटे पोर्टर, टोरंटो. २०२४ मध्ये आजारी आहे म्हणून काही मिनिटांत मॅचमधून बाहेर आला, आणि तिकडे त्याच्या अंडरवर कोणीतरी ८०,००० डॉलरचं पार्ले लावलेलं, ११ लाख मिळाले असते. स्टार नव्हता तो, बेंचवरचा पोरगा. आजन्म बंदी, कोर्टात गुन्हा कबूल. जुगाराच्या कर्जात अडकला होता. मोठ्या स्टारला विकत घेणं अवघड, पण ज्याची लाइन (वर की खाली तो आकडा) साडेपाच पॉइंट आहे त्याला फक्त तीन मिनिटांत पोटात दुखायला हवं. अशा पोरांवर प्रॉप ठेवूच नयेत हे माझं ठाम मत. मॅच कोण जिंकणार यावर लावा की खुशाल.

डंकमारुती:
हे मात्र मान्य. बेंचवाल्यांचे प्रॉप बंद करा, मला चालेल. तसंही मी लावत नाही, त्यांची नावं कोणाला माहीत असतात.

बाकावरची:
तेच तर म्हणतेय. तुम्हाला नाव माहीत नाही, त्याचा भाव माहीत आहे.

रात्रपाळी:
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो. खडूस, पार्ले लागलं असतं तर धागा निघाला नसता, हे खरंय, टोचलं पण खरंय. त्रैराशिक, हिशोब मला येतो रे, अकाउंट्समध्येच काम करतो, तरी लावतो हाच प्रॉब्लेम आहे. मारुती, वाचायला लागलास हे चांगलंच, पण मी उलटा गेलो. हॅलिबर्टन २०२० ला १२ वा पिक होता, सॅक्रामेंटोने त्याला सोडलं तेव्हा मला राग आला होता, त्याचा तो विचित्र, छातीपासून ढकलल्यासारखा शॉट मला तेव्हापासून आवडायचा. तो आवडता पोरगा आणि त्याच्याच अंडरवर मी लावलं, कारण आकडे तसं सांगत होते.

परवा पहिल्या मॅचची शेवटची दहा मिनिटं पुन्हा बघितली. नेस्मिथ रिबाउंडला किती वर उडालाय ते मला त्या रात्री दिसलंच नव्हतं, मी कॅश आऊटचं बटण शोधत होतो.

खडूस:
ते सगळं राहू दे. थंडर चॅम्पियन झाले ना, मग ते ५० डॉलरवाले जिंकलास की. घेतलेस का पैसे?

रात्रपाळी:
घेतले.

खडूस:
बँकेत?

रात्रपाळी:
नाही. ॲपवरच आहेत अजून.