शब्दचर्चा: ‘हार्डवेअर ॲक्सलरेशन’ मराठीत कसं सांगावं?

मंडळी,

यूएक्सप्ले हा प्रोग्राम वापरून आयफोन किंवा आयपॅडची स्क्रीन लिनक्सवर कशी आणायची, यावर मराठीत मार्गदर्शिका लिहितो आहे. पॅकेज बसवणं, अवाही (नेटवर्कवर यंत्रांना एकमेकांचा शोध लावून देणारी सेवा) चालू करणं, फोन आणि संगणक एकाच नेटवर्कवर ठेवणं, इथपर्यंत भाषा अडली नाही. अडली ती व्हिडिओ हार्डवेअरवर चालवण्याच्या प्रकरणापाशी. परिभाषेच्या वळणाने जायचं तर ‘यंत्रसामग्री-त्वरण’ असं काहीतरी होतं. एका मैत्रिणीला ते ऐकवलं, तर तिचा पहिला प्रश्न: “त्वरण चालू केलं की व्हिडिओ भरभर पळणार का?” प्रश्न रास्त आहे.

हार्डवेअर ॲक्सलरेशन, डीकोडर, मिररिंग, व्हिडिओ सिंक, फॉलबॅक, लेटन्सी एवढ्यांना वाट हवी आहे. कोश चाळून झाले. वापरात काय टिकेल ते सांगा.

त्वरण नकोच

त्वरण हा भौतिकशास्त्राचा शब्द आहे आणि तिथे तो चोख बसतो. इथे कशाचाच वेग वाढत नाही. सेकंदाला ६० चौकटींचा (फ्रेमचा) व्हिडिओ ६०नेच चालतो. बदलतं ते काम कोण करतं एवढंच. सीपीयूच्या (मुख्य प्रोसेसरच्या) डोक्यावरचं ओझं त्याच कामासाठी घडवलेल्या चिपकडे जातं, पंखा शांत होतो, बॅटरी टिकते. म्हणून शब्द वेगाचा नको, सोपवण्याचा हवा. ‘उकल चिपकडे सोपवणे’ असं सरळ क्रियापदाने सांगा. मराठी क्रियापदांवर चालणारी भाषा आहे, नामांचे डोंगर रचायची गरज नाही.

उकल

वरच्या प्रतिसादातला ‘उकल’ हा शब्द धरून ठेवा, सोन्यासारखा आहे. डीकोडिंगला ‘विसंकेतन’ म्हटलं की वाचणारा तिथेच थबकतो. ‘उकलणे’ मात्र गाठ, गुंता, कोडं, घडी सगळ्यांना लागतं, आणि एच.२६४मध्ये, म्हणजे फोन ज्या पद्धतीने व्हिडिओ आवळून पाठवतो तिच्यात, प्रत्यक्षात घडतंही तेच. फोन पूर्ण चित्र क्वचित पाठवतो. बहुतेक वेळा मागच्या चौकटीतला हा तुकडा इतका सरकला, तिथे एवढा फरक पडला, असा हिशोब बांधून पाठवतो. समोरच्याने तो सोडवून चित्र उभं करायचं.

आकडे मांडले तर काम केवढं आहे ते कळतं. एच.२६४ चित्राचे १६ × १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. १९२० × १०८०च्या एका चौकटीत आडवे १२०, उभे ६८, म्हणजे ८,१६० चौकोन. सेकंदाला ६० चौकटी धरल्या तर ४,८९,६०० चौकोन दर सेकंदाला उकलायचे. यात एक गंमत आहे: १०८०ला १६ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून आतल्या आत १,०८८ ओळी उकलल्या जातात आणि खालच्या ८ छाटल्या जातात. ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) ती छाटणी विसरला की चित्राच्या तळाशी बारीक हिरवी पट्टी दिसते. मार्गदर्शिकेत ही पट्टी जरूर घ्या, लोक केबलला आणि मॉनिटरला दोष देत बसतात.

एन्कोडिंगला मग ‘बांधणी’ म्हणता येईल. फोन बांधतो, संगणक उकलतो. जोडी छान जमते.

‘हार्डवेअर’ तरी बरोबर आहे का?

थोडा खोडसाळ प्रश्न. सीपीयू हार्डवेअर नाही का? ‘सॉफ्टवेअर डीकोडिंग’ काय हवेत चालतं?

आणि ‘ग्राफिक्स कार्ड उकलतं’ हेही अर्धंच खरं. उकलीचा भाग त्या चिपवर वेगळा कोरलेला असतो, खेळांचे त्रिकोण रंगवणाऱ्या भागाशी त्याचा संबंध नाही. एनव्हीडियाचा एनव्हीडेक, एएमडीचा व्हीसीएन, इंटेलचा २०११पासूनचा क्विक सिंक ही त्यांची नावं. भारी कार्ड घेतलं म्हणजे उकल तितकीच भारी होईल, हा समज त्यामुळे फसतो. उलट उदाहरण हवं तर रास्पबेरी पाय हा छोटेखानी संगणक बघा. पाय ४मध्ये एच.२६४ उकलणारी सोय आहे. २०२३चा पाय ५ सीपीयूने कितीतरी दणकट, पण त्यात ती सोय काढून टाकली आहे, उरली आहे फक्त एच.२६५ या नंतरच्या पद्धतीची. पाय ५वाल्याला ‘हार्डवेअर ॲक्सलरेशन चालू करा’ सांगणं म्हणजे नसलेलं दार ठोठावायला लावणं. त्याचा सीपीयू हे काम आरामात पेलतो.

‘चिप-उकल’ आणि ‘सीपीयू-उकल’ असे दोन शब्द ठेवा. कोण करतंय ते शब्दातच आलं.

Re: असहमत

चिप-उकल ऐकायला गोड आहे, पण वाचणाऱ्याने उद्या शोधायचं काय? सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सलरेशन’ लिहिलेलं असतं, त्रुटीच्या संदेशात ‘डीकोडर’ असतो. मार्गदर्शिका वाचणारा माणूस अडचणीत असतो, त्याला आपल्या शब्दसंपत्तीचं कौतुक नसतं. पडद्यावर जो शब्द दिसतो तोच द्या, आणि तो काय करतो ते मराठीत सांगा. नाम त्यांचं, क्रियापद आपलं.

मिररिंग आणि आरसा

मिररिंगला ‘प्रतिबिंब’ किंवा ‘आरसा’ सुचवायला कोणीतरी येईलच, म्हणून आधीच विरोध नोंदवतो. आरशात डावं-उजवं उलटतं, इथे उलटत नाही. वर यूएक्सप्लेमध्ये चित्र खरोखर आडवं-उभं उलटवायचा वेगळा पर्याय आहेच. तिथे ‘आरसा’ लिहिलंत तर दोन्हींची सरमिसळ होणार.

‘नक्कल’ हा शब्द मला जवळचा वाटतो. अँड्रॉइडची स्क्रीन संगणकावर आणणाऱ्या प्रकल्पाचं नावच मुळी एससीआरसीपीवाय आहे आणि त्याचा उच्चार त्यांनी ‘स्क्रीन कॉपी’ असा दिला आहे. सी भाषेत अक्षरमाळ उतरवून घेणारं स्ट्रिंग-कॉपीचं फंक्शन असतं, त्याच धर्तीवर. पण ‘स्क्रीनची नक्कल करणे’ म्हटलं की कुणीतरी चेष्टा करतंय असंही वाटतं, हे मान्य. बोलताना आपण ‘फोन मिरर कर’ असंच म्हणतो. राहू द्या.

मात्र मिरर आणि कास्ट यांत फरक करा. कास्ट करताना फोन बहुतेक वेळा फक्त पत्ता देतो, व्हिडिओ समोरचं यंत्र स्वतः आणतं. मिररिंगमध्ये स्क्रीनवर जे जे हलतं ते सगळं फोन तिथल्या तिथे बांधून पाठवतो. उकलीचा ताण त्यामुळे अखंड असतो.

दोन सिंक

या धाग्यातला खरा घोळ अजून कुणी काढलाच नाही. इंग्रजीत दोन वेगळी स्पेलिंगं असलेले दोन शब्द देवनागरीत एकच होतात: सिंक. एक जीस्ट्रीमरचा (यूएक्सप्ले चित्र-आवाज हाताळायला वापरतं त्या साधनसंचाचा) व्हिडिओ सिंक (sink), म्हणजे उकललेलं चित्र शेवटी जिथे उतरतं तो भाग. दुसरा आवाज आणि चित्र जुळवण्याचा सिंक (sync). (वरच्या प्रतिसादातला इंटेलचा क्विक सिंक याच दुसऱ्या घरातला.) यूएक्सप्लेत दोन्हींचे पर्याय आहेत, ‘व्हीएस’ आणि ‘व्हीसिंक’. ‘सिंक बदलून बघा’ असं मराठीत लिहिलंत, तर वाचणारा कुठला बदलेल?

दुसऱ्याला ‘मेळ’ म्हणा. आवाज-चित्राचा मेळ. व्हीसिंकला ‘नो’ सांगितलं की यूएक्सप्ले मेळ साधत बसत नाही, चौकट आली की दाखवून मोकळं होतं. चिप-उकल नसलेल्या कमजोर यंत्रावर, किंवा आयपॅडवर रेघोट्या ओढत त्या लगेच मोठ्या पडद्यावर दाखवायच्या असतील तेव्हा, हे बरं पडतं.

पहिल्याला काय म्हणावं ते सुचत नाही. जीस्ट्रीमरमध्ये एका टोकाला सोर्स, दुसऱ्याला सिंक, मध्ये पाइपलाइन.

Re: दोन सिंक

मोरी!

(गंमत केली. पळतो.)

Re: Re: दोन सिंक

मोरी शब्दशः बरोबर आहे, हीच तर पंचाईत. :)

सोर्सला ‘उगम’ म्हटलं तर सिंकला ‘मुख’ म्हणता येईल, नदी जिथे मिळते ते. पण मार्गदर्शिकेत ‘चित्र कुठे उतरवायचं’ एवढा प्रश्न विचारला तरी पुरे. लिनक्सचा डेस्कटॉप दाखवणाऱ्या वेलँड यंत्रणेवर वेलँडसिंक, जुन्या एक्स-इलेव्हनवर एक्सव्हीइमेजसिंक, डेस्कटॉपच नसेल तर केएमएससिंक. ही नावं जशीच्या तशी टंकावी लागतात, तिथे भाषांतराचा प्रश्नच येत नाही.

हा तुकडा शब्दापेक्षा कृतीसाठी महत्त्वाचा आहे. उकललेलं चित्र नेहमीच्या एनव्ही१२ रूपात एका ठिपक्याला दीड बाइट घेतं. १९२० × १०८० × १.५ म्हणजे चौकटीला ३१,१०,४०० बाइट, आणि सेकंदाला ६० चौकटी धरल्या तर साडेअठरा कोटींच्या वर. चिपने उकलून ते ग्राफिक्सच्या स्मृतीत ठेवलं, सिंकने मात्र मुख्य स्मृतीत मागितलं, तर एवढा माल दर सेकंदाला इकडून तिकडे वाहावा लागतो. उकल चिपवर असूनही सीपीयू तापलेला दिसतो तो बऱ्याचदा यामुळे.

गुपचूप माघार

फॉलबॅकसाठी ‘माघार’. ‘पर्यायी मार्ग’ म्हटलं की आपण तो निवडला असं वाटतं. इथे तसं नसतं. जीस्ट्रीमरचा डीकोडबिन हा डीकोडर निवडणारा भाग हाताशी असलेल्या डीकोडरांपैकी ज्याचा रँक (पसंतीक्रम) वरचा तो उचलतो, आणि चिपवाला हाताशी नसला तर न सांगता सीपीयूवाल्यावर येतो. चित्र दिसतं, माणूस खूश, आणि चिप झोपलेली. काही जुन्या आवृत्त्यांत नवा ‘व्हीए’ हा चिपवाला डीकोडर बसवलेला असूनही त्याचा रँक इतका खाली होता की तो आपणहून निवडलाच जात नसे. रँक वर नेण्यासाठी ‘जीएसटी प्लगइन फीचर रँक’ या नावाचा एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू करण्याआधी ठरवून द्यायची किंमत) आहे, किंवा यूएक्सप्लेच्या ‘व्हीडी’ पर्यायाने डीकोडरचं नाव थेट द्यायचं.

माघार घेतली की नाही, हे कसं ओळखायचं तेही लिहा. इंटेल आणि एएमडीसाठी आधी व्हीएइन्फो ही चिपला काय येतं ते दाखवणारी आज्ञा चालवायची. त्यात एच.२६४च्या ओळीपुढे ‘व्हीएलडी’ दिसलं तर चिपला उकल येते. ही अक्षरं ‘व्हेरिएबल लेंथ डीकोडिंग’ची, डीकोडर असा शब्द तिथे शोधून सापडत नाही. मग मिररिंग चालू असताना इंटेलवर इंटेल-जीपीयू-टॉप या चिपवरचा भार दाखवणाऱ्या प्रोग्राममधली ‘व्हिडिओ’ची रांग हलते का बघा, एनव्हीडियावर एनव्हीडिया-एसएमआयच्या डीमॉन (dmon) या उपआज्ञेतला ‘डेक’चा स्तंभ. शून्यावर बसून असेल तर माघार झालेली आहे.

लॅग म्हणजे नेमकं काय?

लेटन्सीसाठी ‘विलंब’ चालेल, ‘उशीर’ जास्त चालेल. पण लोक ‘लॅग मारतोय’ म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या तक्रारी एकाच शब्दात कोंबतात. बोट फिरवल्यावर पडद्यावर मागाहून हलणं हा उशीर. हालचाल तुटक होणं, चौकटी गळणं ही अडखळ. चिप-उकलीने अडखळ जाते, कारण सीपीयूला दम लागत नाही. उशीर जाईलच असं नाही. तो वायफायमध्ये, मेळ साधण्यात, फोनच्या बांधणीतही दडलेला असतो. उशिराच्या तक्रारीवर डीकोडर बदलत बसणारे बरेच दिसतात.

रंगांचा पल्ला

यादीत नसलेला एक शब्द. जुन्या जीस्ट्रीमरवर रास्पबेरी पाय ४वाले यूएक्सप्लेच्या ‘बीटी७०९’ या पर्यायापाशी येतात. ॲपलची यंत्रं त्या रंगमानकाचा ‘फुल रेंज’ प्रकार वापरतात, म्हणजे उजेडाची किंमत ० ते २५५. दूरचित्रवाणीची नेहमीची रीत १६ ते २३५ची. पाय ४च्या चिपकडून उकलून घेणाऱ्या जुन्या व्ही-फोर-एल-टू प्लगइनला हा पूर्ण प्रकार ओळखताच येत नसे. जीस्ट्रीमर १.२०.४पासून ती अडचण गेली. ‘श्रेणी’ ऐवजी ‘पल्ला’ लिहा: पूर्ण पल्ला, आखूड पल्ला. काळा रंग राखाडी का दिसतो, ते ‘पल्ला चुकला’ म्हटलं की लगेच कळतं.

धागाकर्त्याकडून

सगळ्यांचे आभार, मोरीवाल्यांचेही. परिच्छेद असा केला आहे:

“फोन आपली स्क्रीन एच.२६४मध्ये बांधून पाठवतो. ती उकलण्याचं काम सीपीयूऐवजी ग्राफिक्स चिपमधल्या डीकोडरकडे सोपवायचं, याला सेटिंगांमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन म्हणतात. यामुळे व्हिडिओ जास्त वेगाने चालत नाही; सीपीयू मोकळा होतो आणि अडखळ कमी होते. आपल्या चिपला एच.२६४ उकलता येतं का ते आधी तपासा. येत असूनही सीपीयू तापत असेल तर जीस्ट्रीमरने गुपचूप माघार घेतली आहे का ते बघा.”

‘चिप-उकल’ शीर्षकात घेत नाही, मजकुरात एकदा-दोनदा येईल.

Re: धागाकर्त्याकडून

चांगलं झालंय. एकच जोड द्या. चित्र अजिबात येत नसेल, किंवा काळी खिडकी उघडून बंद होत असेल, तर आधी यूएक्सप्लेचा ‘एव्हीडेक’ पर्याय लावून बघायला सांगा. तो उकल मुद्दाम सीपीयूकडे देतो. त्याने चित्र आलं तर दोष चिपच्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्लगइनमध्ये, नाही आलं तर नेटवर्क किंवा सिंककडे वळायचं.

आणि तिथे सिंक म्हणजे पहिला सिंक, हे लिहायला विसरू नका.