टर्बो वॅगन: रिमॅप आधी की इंटरकूलर?

प्रश्न: टर्बो-पेट्रोल स्टेशन वॅगन, मॅन्युअल, ९०,००० किमी. पाच जण आणि सामान घेऊन पुणे–महाबळेश्वर. खंबाटकी घाटात पिकअप मरतो. सुरुवात कुठून करू: रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) की इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारा भाग)?

उत्तर: रिमॅप थांबवा. आधी स्मोक टेस्ट, म्हणजे हवेच्या पाइपांत धूर सोडून गळती शोधणं. इंटरकूलरचा होज चिरला असेल तर बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) तिथेच गळतो. मग नवे स्पार्क प्लग, गॅप (ठिणगीची फट) ०.७ मिमीच्या आसपास. जास्त ठेवलात तर वाढीव बूस्टमध्ये ठिणगी विझते, मिसफायर होतो. आणि नंतर रिमॅप ९५ ऑक्टेन पेट्रोलचा करून घेतलात तर टाकीत कायम तेच, नाहीतर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकतं).

उत्तर: क्लच स्लिप होतोय का बघा. चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढला पण वेग नाही, तर रिमॅपचा टॉर्क तो झेलणार नाही.

उत्तर: पसरणी घाट उतरताना ब्रेक काय करणार? जुनं ब्रेक फ्लुइड ओलावा धरतं, तापून उकळतं, पेडल थेट खाली. ते काढून नवं डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा प्रकार) भरा. सायलेन्सरची हौस शेवटी!